महिनाभरासाठी दिलेली कॅप्सूल

पाटाला पाणी सुटलं की झुंबर मिसाळ सायकल चौकीच्या भिंतीला टेकवायचा आणि भरावावरून पायी निघायचा. सायकलवरून दारं नीट दिसत नाहीत, म्हणायचा. आमच्या शाखेचा तो पाटकरी. कालव्यातून निघणाऱ्या चाऱ्यांची दारं पाळीप्रमाणे उघडायची, ज्याच्या रानाला जितके तास ठरलेत तितके तास पाणी द्यायचं, वेळ संपली की दार खाली घालून कुलूप लावायचं, हे त्याचं काम. मी त्याच चौकीवर कारकून. आबाजी माझं नाव. पाळीचे कागद मी करायचो आणि पाणी तो द्यायचा. सतरा वर्षं आम्ही एका चौकीवर काढली. चौकीवर आम्ही सगळे त्याला नुसतं झुंबर म्हणायचो. वस्तीत त्याला तात्या म्हणत.

त्याची वस्ती कळंबच्या खालच्या अंगाला, चारीच्या कडेला. छपन्न सालानंतर तिथली सगळी घरं बौद्ध झाली, तेव्हा झुंबर बारा वर्षांचा होता. बाप गेणबा त्याला खांद्यावर घेऊन दीक्षेला गेला, असं तो सांगायचा. बारा वर्षांच्या पोराला खांद्यावर कशाला घेतलं असेल, कोण जाणे, पण तो तसंच सांगायचा. पुढं वस्तीत विहार बांधला, त्याच्या कमिटीचा हा अध्यक्ष झाला. पाच शीलांतलं पाचवं, नशा न करण्याचं, त्यानं असं धरलं की त्याच्यापुढं बाकीची चार फिकी पडली. तंबाखू नाही, सुपारी नाही. पुढं मटणही सोडलं. वस्तीत कुणी पिऊन आला की झुंबर त्याला विहारात उभा करायचा, सगळ्यांसमोर हात जोडायला लावायचा आणि शील परत म्हणायला लावायचा.

दयामाया त्याच्यात नव्हती. म्हस्कू नावाचा गवंडी होता वस्तीत. पोरीच्या लग्नादिवशी म्हस्कू थोडी घेऊन मांडवात आला. फार नाही, चालता येत होतं, बोलता येत होतं. झुंबरनं त्याचा दंड धरला आणि त्याला मांडवाबाहेर नेऊन रस्त्याच्या कडेला बसवला. लग्न बापाशिवाय लागलं. पोरगी रडत होती, तिची आई झुंबरच्या पाया पडत होती. झुंबर म्हणाला, "बाप पायजे आसंल तर शुद्धीतला आना." स्वतःचा मुलगा बुद्धघोष एकोणीस वर्षांचा असताना त्याच्या पिशवीत बाटली सापडली, तेव्हा त्यानं पोराला भर दुपारी विहिरीवर सगळ्यांसमोर पट्ट्यानं मारलं. तो वळ पोराच्या मानेवर राहिला.

पाण्याच्या बाबतीतही तसाच. आमच्या चारीवर सर्जेराव नावाचे मोठे बागायतदार होते. त्यांच्या माणसांनी दोनदा दाराचं कुलूप तोडलं. दोन्ही वेळा झुंबरनं नावानिशी लेखी कळवलं. एकदा माझ्या मेव्हण्याच्या डाळिंबाला मी पाळी नसताना दोन तास पाणी दे म्हणालो. झुंबरनं दिलं तर नाहीच, वर साहेबांना सांगितलं. मला लेखी समज मिळाली. ते मी विसरलो नाही.

त्याचं पोट मात्र त्याच्याशी सरळ वागत नव्हतं. अवेळी जेवण, भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा, दिवसभर नुसता काळा चहा. पाळी चालू असली की दोन दोन दिवस घरी जायचा नाही. पस्तिशीपासूनच त्याच्या छातीत जळजळ सुरू झाली. आंबट पाणी घशाशी यायचं, वाकून दार फिरवताना तोंडात यायचं. सोडा खाऊन झाला, ओवा झाला, थंड दूध झालं. दुधानं उलट छाती भरून येते म्हणून दूध तोडलं. पुढं कुणीतरी पांढऱ्या गोळ्या दिल्या, त्यांनी काही दिवस बरं वाटायचं आणि परत तेच. मी त्याला कालव्याच्या भरावावर उकिडवा बसून छाती दाबताना कितीदा पाहिलाय.

ब्याण्णवच्या जानेवारीत तो बारामतीला एका डॉक्टरांकडे गेला. डॉक्टरांनी तपासलं, अंडी आणि तिखट बंद करायला सांगितलं आणि एक नवी कॅप्सूल लिहून दिली. रोज सकाळी उपाशीपोटी एक. चिठ्ठीवर खाली लिहिलं होतं, महिनाभर घ्या, मग दाखवा.

चौथ्या दिवशी झुंबर चौकीवर आला तो हसत. झुंबर हसतोय हे बघून वॉचमन उठून उभा राहिला.

"आबाजीराव, रातभर झोपलो," तो म्हणाला. "आडवा झोपलो, पाय लांब करून. धा वर्सांत पयल्यांदा."

त्यानं एक कॅप्सूल फोडून मला आतल्या साबुदाण्याहून बारीक गोळ्या दाखवल्या. एवढ्याशा दाण्यात केवढी ताकद, म्हणून त्याला नवल वाटत होतं.

महिना झाला. तो डॉक्टरांना दाखवायला गेला नाही. कशाला जाईल? दुखत काहीच नव्हतं. एकदा चार दिवस कॅप्सूल संपली तर जळजळ अशी उसळली की पहिल्यापेक्षा दुप्पट. त्यावरून त्यानं एकच अर्थ काढला: ही सोडायची नाही. कळंबच्या मेडिकलवाल्याला ती चिठ्ठी दाखवली की तो पाकीट द्यायचा. पुढं पुढं चिठ्ठीही दाखवावी लागेना, झुंबर दारात दिसला की तो फळीवरून पाकीट काढायचा. ठेचा परत सुरू झाला. शहाण्णव सालापर्यंत सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशा दोन व्हायला लागल्या. मटण, अंडी बंद होती ती बंदच राहिली, दूधही. "आता माझं पोट म्हंजे देऊळ हाय," असं तो म्हणाला आणि लगेच जीभ चावली, कारण देऊळ हा शब्द त्याला चालत नव्हता.

शहाण्णवच्या दिवाळीत पहिल्यांदा पायांचं ऐकलं. तळव्यांना मुंग्या येतात म्हणाला. भरावावर चालून येत असतील, मी म्हणालो. मग त्या घोट्यापर्यंत आल्या. चप्पल पायातून निघून गेलेली त्याला कळायची नाही. एकदा अर्धा मैल एकाच चपलेनं चालत आला आणि चौकीत आल्यावर मी दाखवली तेव्हा खाली बघितलं. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात तो पाय फाकवून, आपटत चालायला लागला.

"कापसावर चालल्यावानी हुतंय," तो म्हणाला. "पाय टाकला तरी जमीन लागत न्हाय."

तोंड पिवळट पडलं. जिभेची आग व्हायची. विसरायला लागला. ज्याला साऱ्या चारीच्या पाळ्या तोंडपाठ, तो मला एका सकाळी विचारत होता की आज वार कोणता. विचारून गेला आणि थोड्या वेळानं परत येऊन तेच विचारलं. स्वभावही चिडका झाला. शेतकऱ्यांशी भांडायचा आणि दुसऱ्या दिवशी भांडण आठवायचं नाही. कळंबच्या एका डॉक्टरानं ताकदीच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं कंबरेची नस म्हणून शेक सांगितला. कॅप्सूल घेतो, हे त्यानं कुणालाच सांगितलं नाही, कारण ते औषध आहे असं त्याला आता वाटतच नव्हतं. मीठ घेतो हे कुणी डॉक्टरला सांगतं का?

लोकांना मात्र त्याच्या चालण्याचा अर्थ लगेच लागला. वस्तीवर आणि बागायतीत एकाच आठवड्यात पसरलं. झुंबर पितो. आणि ज्यांच्या तोंडून ते निघत होतं त्यांच्या डोळ्यांत मी जो आनंद बघितला, तो लग्नाकार्यातही बघितला नव्हता.

अठ्ठ्याण्णवच्या मार्चमध्ये उन्हाळी पाळी चालू होती. त्या दिवशी सकाळी झुंबरनं सर्जेरावांच्या दाराऐवजी पुढचं दार उघडलं. पाणी सहा तास एका पडीक रानात गेलं. बाराच्या सुमारास सर्जेराव जीपमधून आले, आणि नेमके त्याच दिवशी आमचे साहेब फिरतीवर होते, ते त्यांच्या शेजारी बसलेले. मला चौकीवरून बरोबर घेतलं. झुंबर भरावावर बाभळीखाली बसला होता. जीप बघून उठला, दोन पावलं टाकली आणि तिसऱ्याला कालव्याकडे झुकला. मी हात धरला नसता तर पाण्यात गेला असता.

"प्यायलायस का रे?" साहेबांनी विचारलं.

"न्हाय साहेब. पाय लागत न्हाईत."

"सकाळपासून पाणी कुठं चाललंय माहीत आहे?"

झुंबरनं दाराकडं बघितलं. मग माझ्याकडं. त्याला खरंच कळत नव्हतं. "सर्जेरावाच्या रानात," तो म्हणाला.

सर्जेराव हसले. "बघा साहेब. आमी म्हनलं तर म्हनता, त्यांचं वैर हाय."

साहेबांनी खिशातून रुमाल काढला, स्वतःच्या नाकाला लावला आणि मला म्हणाले, "आबाजी, ह्याच्या तोंडाचा वास घ्या."

झुंबरनं आपण होऊन तोंड उघडलं. मोठं उघडलं, पोरं डॉक्टरपुढं उघडतात तसं. त्याची जीभ मी पहिल्यांदा बघितली. लालभडक आणि काचेसारखी गुळगुळीत, सोललेल्या जखमेसारखी. मी तोंड जवळ नेलं. उपाशी माणसाच्या तोंडाला येतो तसा आंबूस वास होता. दारूचा नव्हता. मी काही साधू नव्हतो, दारूचा वास मला चांगला ठाऊक होता. तो नव्हता.

साहेब माझ्याकडे बघत होते आणि सर्जेरावही बघत होते. माझा मेव्हणा सर्जेरावांच्या शेजारच्या रानात होता. त्या मिळालेल्या लेखी समजेचा कागद माझ्या फायलीत होता. हे सगळं त्या क्षणी माझ्या मनात आलं, असं मी म्हणू शकलो असतो तर बरं झालं असतं. खरं म्हणजे काही आलंच नाही. तोंडातून निघून गेलं.

"येतोय साहेब."

"कशाचा?"

"दारूचा."

झुंबरचं तोंड अजून उघडंच होतं. ते त्यानं हळूच मिटलं.

"आबाजीराव," तो म्हणाला, "नीट बग की."

मी वळून जीपकडे गेलो. मागून तो साहेबांना म्हणत होता, "साहेब, दवाखान्यात न्या मला. रगत तपासा. आत्ताच्या आत्ता न्या." सर्जेराव म्हणाले, आता कुठं त्याला घेऊन फिरताय. चौकीवर पंचनामा झाला. साहेब सांगत गेले, मी लिहीत गेलो. शेवटच्या ओळीला ते म्हणाले, लिहा, तपासणीस चलण्यास नकार दिला. मी लिहिलं आणि खाली सही केली. दुसरी सही सर्जेरावांच्या गड्याची.

झुंबर निलंबित झाला.

पुढचं बरंचसं मला त्याची बायको प्रयागबाई हिनं सांगितलं, तेही खूप नंतर. घरी त्याच्यावर विश्वास ठेवणारं कुणी उरलं नव्हतं. सरकारी कागदावर सही होती ना. बुद्धघोष तेव्हा लग्नाचा, जंक्शन गावात एका वर्कशॉपमध्ये कामाला. त्यानं कागद वाचला, बापापुढं ठेवला आणि आपली मान पुढं वाकवून त्याला तो वळ दाखवला.

"ह्यो कशापायी दिला व्हता, तात्या?"

झुंबरला ते आठवेना. तो वळाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "कुनी मारलं तुला?"

पोरगा उठून गेला. त्या दिवसापासून तो बापाशी बोलला नाही. त्याला वाटलं, म्हातारा नाटक करतोय.

मे महिन्यात बुद्धपौर्णिमा आली. कमिटीनं ठरवलं की झुंबरनं अध्यक्षपद सोडावं आणि सगळ्यांसमोर उभं राहून शील परत घ्यावं. त्यानंच घालून दिलेला नियम. झुंबर म्हणाला, "मी प्यालो न्हाय. पर शील घ्यायला माझी ना न्हाय. शील रोज बी घेता येतं." पांढरा सदरा घालून तो आला. विहार भरला होता, बायका उजव्या हाताला, पोरं पुढं. झुंबर पुढं जाऊन उभा राहिला. पाय फाकवलेले, नजर जमिनीवर. नजर जमिनीवर असली की तो पडत नसे, हे त्यालाही कळलेलं नव्हतं. हात जोडले आणि नेहमीच्या सवयीनं डोळे मिटले.

दोन श्वास गेले असतील. तो डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला आणि तोंडावर फुलांच्या ताटात पडला. मेणबत्ती सदऱ्याला लागली, ती कुणीतरी विझवली. तो उठायला बघत होता आणि पाय कुठं आहेत ते त्याला सापडत नव्हतं.

मग म्हस्कू गवंडी मागून म्हणाला, "तात्या, मांडवाच्या भायेर बसा आता."

आधी पोरं हसली. मग मोठी माणसं. बायकाही हसल्या, पदरात तोंड घालून. प्रयागबाई हसली नाही. तिनं पदर डोक्यावरून तोंडापर्यंत ओढला आणि नवऱ्याला तिथंच टाकून घरी निघून गेली. झुंबर हातापायांवर रांगत दारापर्यंत आला, दाराच्या चौकटीला धरून उभा राहिला आणि भिंतीला हात लावत लावत घरी पोचला. तोवर त्याचं ताट आणि तांब्या ओसरीवर ठेवलेला होता. तेव्हापासून तो बाहेरच जेवला. कॅप्सूल मात्र चुकली नाही. सकाळी एक, संध्याकाळी एक. ती प्रयागबाईच आणून द्यायची. निदान ती तरी त्याच्या पोटात वेळेवर जावी, असं तिला वाटायचं.

त्याची मुलगी ज्योत्स्ना पुण्याला एका इस्पितळात नर्स होती. तिला कुणी काही कळवलं नव्हतं, लाजेनं. जूनच्या अखेरीस ती रजेवर आली. बाप ओसरीवर जेवतो हे बघून तिनं आईला विचारलं, आईनं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी झुंबर हौदावर तोंड धुवत होता. साबण लावला, डोळे मिटले, आणि धाडकन हौदाच्या कठड्यावर. कपाळ फुटलं. ती धावत गेली. रक्त पुसता पुसता तिनं त्याचं तोंड हुंगलं. मग त्याला उभं केलं.

"तात्या, माझ्याकडं बघा. उभं राहा. राहिलात ना? आता डोळे मिटा."

मिटल्याबरोबर तो तिच्या अंगावर आला. तिनं तीनदा तसं केलं. तिसऱ्यांदा ती रडायला लागली.

त्याच आठवड्यात ती त्याला पुण्याला घेऊन गेली. तिथल्या डॉक्टरांनी एक लोखंडी काटा वाजवून, त्याची थरथर कळते का बघायला, झुंबरच्या घोट्याला लावला. काय वाटतं? काही नाही. गुडघ्याला? काही नाही. जीभ बघितली, रक्त घेतलं. मग विचारलं, औषधं कोणती घेता? झुंबर म्हणाला, कुठलीच नाही. ज्योत्स्नानं त्याच्या पिशवीतून पाकीट काढून टेबलावर ठेवलं.

"ही कधीपासून?"

"ब्याण्णवपासनं."

"रोज?"

"दोन टायमाला."

डॉक्टरांनी पाकीट उलटून पालटून बघितलं. मग सावकाश समजावून सांगितलं, ते ज्योत्स्नानं मला जसंच्या तसं सांगितलंय. पोटातलं आम्ल नुसतं जाळायला नसतं. अन्नातलं बी बारा नावाचं जीवनसत्त्व सुटं करायला ते लागतं. ते जीवनसत्त्व अंडी, मटण, दुधात असतं, आणि रक्ताला, मेंदूला, पाठीच्या कण्यातल्या नसांना त्याच्याशिवाय चालत नाही. तुम्ही दूध सोडलं, अंडी सोडली, आणि उरलंसुरलं सुटं करणारं आम्ल सहा वर्षं बंद ठेवलं. साठा असतो शरीरात, तो काही वर्षं पुरतो. मग संपतो.

"पर डागदर," झुंबर म्हणाला, "जळजळ तर थांबली व्हती."

"थांबली ना. म्हणूनच कुणी काही विचारलं नाही. औषध वाईट नाही, मीही देतो. पण महिनाभराचं औषध सहा वर्षं घ्यायचं आणि कुणालाच दाखवायचं नाही, असं नसतं. एकट्या कॅप्सूलनं केलं असं मी म्हणणार नाही. पण तिचा हात आहे."

इंजेक्शनं सुरू झाली, आधी रोज, मग आठवड्याला, मग महिन्याला. कॅप्सूल हळूहळू कमी करून थांबवली. त्या दिवसांत जळजळीनं तो पलंगाची पट्टी चावायचा. तीन आठवड्यांत तोंडावर रंग आला, जीभ बरी झाली, वार-तारीख कळायला लागली. पाय मात्र अर्धेच परत आले. डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आणलं असतं तर चालत घरी गेले असते. दोन काठ्यांवर तो घरी आला. आणि डोकं ठिकाणावर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की मागचं दीड वर्ष बरंचसं त्याच्याजवळ नाहीच. थोडे तुकडे होते. बाभळ. साहेबांचा रुमाल. फुलांचं ताट. मधलं सगळं पुसलेलं.

नव्व्याण्णवच्या जानेवारीत खात्याची चौकशी झाली. झुंबर पुण्याचे कागद घेऊन आला, ज्योत्स्ना बरोबर होती. मला साक्षीला बोलावलं. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं, वास दारूचाच होता का, दुसऱ्या कशाचा असू शकेल? झुंबर समोरच्या बाकावर दोन काठ्या मांडीवर घेऊन बसला होता.

मी म्हणालो, "पंचनाम्यात लिहिलंय तेच."

निकालात लिहिलं होतं की आजार सिद्ध होतो, पण आजारी माणूस पीतच नाही असं त्यावरून सिद्ध होत नाही. प्रकृतीच्या कारणानं त्याला सेवेतून कमी केलं. निवृत्तीला पाच वर्षं राहिली होती.

त्यानंतर तो मला एकदाच भेटला, त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी. मी चौकीवर एकटा होतो. वस्तीपासून चौकी सव्वा मैल. तो दोन काठ्यांवर पायी आला होता, घामानं निथळत. मी खुर्ची दिली. पाणी दिलं. बराच वेळ तो दम घेत राहिला.

"आबाजीराव," तो म्हणाला, "एक इचारायला आलोय. राग न्हाय माझा. त्या दिशी खरंच वास येत व्हता का?"

मी रिकामा पेला उचलून खिडकीत ठेवला.

"न्हाय, त्याचं आसं हाय," तो म्हणाला, "मला त्या दिसांतलं काय आठवत न्हाय. डोकं जाग्यावर नव्हतं. कुनी पाजली आसंल, पायाच्या मुंग्यांवर औशद म्हनून मीच घेतली आसंल. मला ठावं न्हाय. जल्मभर दुसऱ्याला उभं केलं मी. माझी येळ आली तर खोटं कसं बोलू? पर खरं काय ते मला म्हाईत न्हाय. हितं खरं म्हाईत असनारा तू येकटाच हायेस."

खोलीत आम्ही दोघंच होतो. सर्जेराव नव्हते, साहेबांची बदली झाली होती, चौकशी संपली होती. माझं काही जाणार नव्हतं. फक्त, नव्हता म्हणालो असतो तर मग तेव्हा येतोय असं का सांगितलंस, हे त्यानं विचारलं असतं.

"थोडा येत होता, झुंबर," मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. चेहऱ्यावर दुःख दिसलं नाही, एक ओझं कुठं ठेवायचं ते कळल्यासारखा दिसला. "बरं झालं इचारलं," म्हणाला, आणि काठ्या गोळा करून निघाला. मी दारापर्यंतही गेलो नाही.

पुढच्या पौर्णिमेला तो विहारात खुर्चीवर बसून सगळ्यांसमोर बोलला. मी प्यालो होतो, ते मला आठवत नाही, पण प्यालो होतो. तुम्हा सगळ्यांना मी फसवलं. म्हस्कू, तुझ्या पोरीच्या लग्नात मी तुला भायेर काढलं, मला माफ कर. म्हस्कू उठून पुढं आला, त्याच्या गळ्यात पडला आणि दोघं रडले. लोकांनी त्याला मनापासून माफ केलं. बुद्धघोष बापाशी बोलायला लागला. प्रयागबाईनं त्याचं ताट घरात घेतलं. इतकी वर्षं ज्या तात्याला वस्ती घाबरत होती, तो शेवटी आपल्यासारखाच निघाला, याचा लोकांना केवढा दिलासा वाटला असेल, ते प्रयागबाईच्या बोलण्यातून मला कळत होतं.

एकट्या ज्योत्स्नाला ते सहन झालं नाही. ती पुण्याहून आली होती. विहारातून घरी येताच तिनं बापापुढं सगळे रिपोर्ट टाकले.

"तात्या, हे काय बोलून आलात? डॉक्टरांनी लिहून दिलंय. सही आहे त्यांची. तुम्ही कधीच प्यायला नव्हतात."

झुंबरनं कागद गोळा करून, नीट एकावर एक लावून तिच्या हातात दिले.

"डागदर तितं नव्हता, पोरी," तो म्हणाला. "आबाजीराव तितं व्हता."

ज्योत्स्ना दुपारच्या गाडीनं परत गेली.